शॉकअप, स्प्रिंग आणि आईची कंबर

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक बाईंनी (म्हणजे माझ्याच रूम पार्टनरने) सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. शाळेत मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला निबंध. कविता जमत नाही आणि ललित लेख म्हणजे नक्की काय असतं ते अजून कळलेलं नाही. पण गेल्या वर्षी घरच्या गाडीच्या सस्पेन्शनशी मी जी झटापट केली, ती सगळी मराठीतच केली. कारण आई, बाबा आणि गॅरेजवाले काका या तिघांना ‘डॅम्पिंग रेशो’ समजावून सांगायचा होता! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला आणि वाचा.

आमची गाडी २००९ ची अल्टो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बाबांनी तिचं पासिंग पुन्हा करून घेतलं, कारण ‘इंजिन अजून घड्याळासारखं चालतं.’ इंजिनबद्दल त्यांचं म्हणणं खरंच आहे. गाडी चालवते मात्र आई. ती कोरेगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. साताऱ्याहून रोज साधारण वीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. दोन वर्षांपासून तिची कंबर दुखायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, मणका ठीक आहे, स्नायू धरलेत, व्यायाम करा आणि धक्के टाळा. धक्के टाळा म्हणजे काय करा? आईने सीटवर उशी घेतली. बाबांनी टायरमधली हवा पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा सहा-सात पॉइंट कमी ठेवायला सुरुवात केली. आणि घरातले सगळे, मीसुद्धा, म्हणायला लागलो की वयच झालं आता, आणखी काय!

गाडीचं वय झालंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा माझं ‘व्हायब्रेशन्स’ नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे अंगात आलेलं होतं. गाडीकडे नीट पाहिलं तर मागची बाजू खाली बसलेली. टायर आणि मडगार्डच्या मधे पुढे चार बोटं सहज जात होती, मागे जेमतेम दोन. मी लगेच निकाल दिला, ‘बाबा, स्प्रिंगा गेल्या. बदला.’ बाबांनी ऐकलं. मुलगी इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर ऐकणारच ना! मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या आल्या. अल्टोत मागे सरळ अॅक्सल आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे काम सोपं. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, अॅक्सल खाली सोडला, जुनी स्प्रिंग काढून नवी बसवली. मागची बाजू मस्त उचलली गेली. मी पाठ थोपटून घेतली आणि होस्टेलला परत आले.

आठ दिवसांनी आईचा फोन. ‘अगं, आधी खड्ड्यात दणका बसायचा. आता दणका कमी आहे, पण गाडी झोपाळ्यासारखी हलते. गतिरोधक गेला की तीन-तीनदा वर-खाली होते. घरी पोचेपर्यंत कंबरेचा पार पिट्टा पडतो.’

माझ्या आयुष्यातला पहिला इंजिनिअरिंग सल्ला, आणि तो चुकला. म्हणजे अर्धा चुकला. कुठे चुकला हेच या लेखात सांगायचंय, कारण ही चूक मी एकटीच करत नाही. आपल्या होस्टेलमध्येही गाड्यांवर तावातावाने बोलणाऱ्या दहापैकी आठ जणांना स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगळी आहेत हे सांगता येत नाही. (ओरलला विचारा आणि बघा.)

आधी नावाचाच घोळ. ‘शॉक अॅब्सॉर्बर’ म्हणजे धक्का शोषणारा. पण धक्का शोषते ती स्प्रिंग! चाक खड्ड्यात गेलं किंवा दगडावर चढलं की स्प्रिंग दबते किंवा उलगडते, आणि गाडीची बॉडी जवळपास जागच्या जागी राहते. स्प्रिंग नसती तर चाकाबरोबर आपणही उडालो असतो. पण स्प्रिंग घेतलेली ऊर्जा स्वतःकडे ठेवत नाही, सगळी परत करते. म्हणजे गाडी वर जाणार, खाली येणार, परत वर जाणार. हे थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत पिस्टन आहे, तेल आहे, आणि पिस्टनमध्ये बारीक भोकं आणि झडपा आहेत. गाडी हलली की तेल त्या भोकांतून दाबून जातं, गरम होतं, आणि हलण्याची ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. खराब रस्त्यावर बरंच अंतर चालवून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा (जपून). तो कोमट-गरम लागतो. अजिबात गरम झाला नसेल, तर त्याने काम केलेलं नाही.

आता प्रश्न असा की दोघांपैकी म्हातारं कोण होतं? स्प्रिंगचा ताठपणा चार गोष्टींवर ठरतो. स्टीलचा रिजिडिटी मॉड्युलस, तारेचा व्यास, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. यातलं वयाप्रमाणे काय बदलतं? मॉड्युलस बदलत नाही. स्टील पंधरा वर्षांचं असो की पंधरा दिवसांचं, तो साधारण ८० गिगापास्कलच. वेटोळी झिजून कमी होत नाहीत. म्हणजे ‘स्प्रिंग नरम पडली’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा खरं नसतं. स्प्रिंग *बसते*. तिची मोकळी लांबी कमी होते, पण ताठपणा जवळपास तोच राहतो. आमच्या मागच्या स्प्रिंगांचं तेच झालं होतं.

एक अपवाद आहे, गंज. ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात जातो. गंजाने व्यास फक्त पाच टक्के कमी झाला, तर ०.९५ चा चौथा घात म्हणजे साधारण ०.८१. ताठपणा एकोणीस टक्क्यांनी गेला! आणि तारेतला ताण व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तो सोळा-सतरा टक्क्यांनी वाढला. कोकणातल्या गाड्यांच्या स्प्रिंगा खालच्या वेटोळ्यापाशी, जिथे चिखल आणि पाणी साचतं तिथेच, तुटतात, ते याचमुळे. आमच्या स्प्रिंगांना गंज फारसा नव्हता.

बसलेल्या स्प्रिंगने नुकसान होतं ते वेगळ्याच वाटेने. गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. वर बम्प स्टॉप म्हणून एक रबराचा ठोकळा असतो. एरवी तो फक्त मोठ्या खड्ड्यात लागायचा, आता प्रत्येक गतिरोधकावर लागतो. आईचा ‘दणका’ म्हणजे तो ठोकळा. नव्या स्प्रिंगांनी उंची परत आली, ठोकळा लागायचा थांबला. इथपर्यंत माझा सल्ला बरोबर. पण तो ठोकळा दणका देत असला तरी गाडीची हालचाल मधेच अडवतही होता. तो बाजूला झाल्यावर गाडी मोकळी झाली, आणि तिला आवरणारे शॉकअप तर कधीचेच मेलेले. म्हणून झोपाळा!

शॉकअप एका दिवसात मरत नाही, हीच खरी अडचण. सील थोडं गळतं, झडपा झिजतात, तेल फेसाळायला लागतं. रोज थोडं थोडं. आणि रोज चालवणारा माणूस त्याला सरावतो. टायर पंक्चर झालं तर लगेच कळतं, शॉकअप गेला तर नाही. आई म्हणायचीच, ‘मला गाडीत काही फरक वाटत नाही, फरक माझ्यातच पडलाय.’

मग खरं-खोटं कसं करायचं? सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, पुन्हा पुन्हा हलली तर शॉकअप गेला. ही परीक्षा वाईट नाही, पण अर्धवट आहे. अगदीच गेलेला शॉकअप तिच्यात सापडतो. अर्धा गेलेला मात्र पास होतो, कारण हाताने दाबताना वेग कमी असतो आणि सांध्यांमधलं घर्षणच गाडीला थांबवतं. आणि ‘हलली’, ‘नाही हलली’ यावर बाबा आणि गॅरेजवाले काका अर्धा तास वाद घालू शकतात. घातलाही.

म्हणून सेमिस्टर संपल्यावर मी मोबाईल वापरला. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं एक फुकट अॅप आहे, ते मोबाईलमधल्या अॅक्सेलरोमीटरचा आलेख काढून देतं. डिकीत, बरोबर चाकाच्या वर, मोबाईल चिकटपट्टीने घट्ट बसवला. बाबांना कोपरा तीनदा लयीत दाबून एकदम सोडायला लावलं. आलेखात एकापाठोपाठ लहान होत जाणारी शिखरं दिसली. हाच आपला लॉगॅरिदमिक डिक्रिमेंट! परीक्षेत आठ मार्कांना येतो आणि नंतर कुणी त्याचं तोंड बघत नाही. पहिल्या शिखराला दुसऱ्याने भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा, त्यावरून डॅम्पिंग रेशो, म्हणजे झीटा काढायचा. शिखरं एकाच बाजूची घ्यायची, दोन्ही वरची किंवा दोन्ही खालची. कारण शॉकअप उलगडताना जास्त विरोध करतो आणि दबताना कमी. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो.

आमच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात दुसरी उसळी पहिलीच्या जवळपास निम्मी आली. दोनचा लॉग ०.६९३, त्यावरून झीटा साधारण ०.११. प्रवासी गाडीला तो ०.२ ते ०.४ च्या मधे कुठेतरी हवा असतो. दुसरी उसळी पहिलीच्या पाचव्या हिश्श्यावर आली तर झीटा ०.२५ होतो, हे लक्षात ठेवलं की पुढच्या वेळी गणित करायचीही गरज नाही. निम्मी म्हणजे गेला, पाचवा हिस्सा किंवा कमी म्हणजे बरा. आणि आमच्या ०.११ मध्येसुद्धा सांध्यांच्या घर्षणाचा वाटा होता! शॉकअपचा स्वतःचा किती, देव जाणे.

त्याच आलेखातून आणखी एक गोष्ट मिळाली. दोन शिखरांमध्ये ०.७ सेकंद होते, म्हणजे गाडीची मागची बाजू सेकंदाला साधारण १.४ वेळा डोलते. ‘डोलते’ हा शब्द मी उगाच नाही वापरला. बहुतेक गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या आसपासच ठेवलेल्या असतात. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला दोनच्या जवळपास पावलं टाकतो, त्यामुळे या भागातली संथ हालचाल शरीराला फारशी परकी वाटत नाही. उभ्या दिशेतले धक्के शरीराला सगळ्यात जास्त जाणवतात ते ४ ते ८ हर्ट्झमध्ये. आयएसओ २६३१ या मानकातही याच पट्ट्याला सगळ्यात जास्त वजन दिलेलं आहे. पोटातले अवयव आणि पाठीचा कणा याच सुमारास कंप पावतात. म्हणजे चांगल्या सस्पेन्शनचं अर्धं काम हेच की रस्त्यावरून येणाऱ्या त्या पट्ट्यातल्या हादऱ्यांना वर येऊच द्यायचं नाही. आईची कंबर आणि आयएसओ यांचं एकमत होतं, आमचंच नव्हतं.

इथे जरा आडवाट. १९३० मध्ये मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉईस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. तिथे त्याने १९३२ च्या सुमारास एक अजब गाडी बनवून घेतली, जिच्यावरची वजनं पुढे-मागे सरकवता यायची. आणि माणसं बसवून तो नुसतं विचारायचा, कसं वाटतं? त्याच्या हाती लागलं ते असं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा जरा नरम हवी. का? गतिरोधक आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. अल्टोचा व्हीलबेस २.३६ मीटर. ताशी ६० ला मागची चाकं साधारण ०.१४ सेकंदाने उशिरा पोचतात. दोन्ही टोकं एकाच लयीत डोलली तर हा उशीर कायम राहतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे मान टाकत राहते. मागची बाजू थोडी वेगाने डोलली तर ती पुढच्या बाजूला गाठते, आणि एखाद-दीड हेलकाव्यात दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात. माणसाला एकत्र वर-खाली होणं चालतं, मान टाकणं सोसत नाही. नव्वद वर्षांपूर्वीचं हे शहाणपण, आणि आपल्याकडे दुकानात स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायची रबरं मिळतात! ‘गाडी उचलते, राईड सुधारते.’ ते रबर दोन वेटोळ्यांना काम करू देत नाही. म्हणजे स्प्रिंग ताठ होते. पुढे घातलं तर ओलीचा सगळा हिशोबच उलटा. बाबांनी आणलंच होतं एक पाकीट. परत करायला लावलं.

आणि मुलांच्या होस्टेलमधले जे महाभाग स्प्रिंग कापून गाडी खाली घेतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. ताठपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात. सहापैकी एक वेटोळं कापलं की स्प्रिंग वीस टक्के *जास्त* ताठ झाली. वर लांबी कमी, म्हणजे बम्प स्टॉप जवळ आला. शॉकअप तोच राहिला, म्हणजे ताठ स्प्रिंगसमोर तो दुबळा पडला. एका करवतीत तीन नुकसानं! बाकी दिसायला छान दिसते, ते मान्य.

तर, शॉकअप. चारही बदलायचे ठरले. एका अॅक्सलवरचे दोन्ही एकदम बदलायचे असतात, एकच बदलला तर गाडी एका अंगाने वेगळी वागते. काकांनी आधी सुचवलं की जुनेच ‘रिकंडिशन’ करून आणू, निम्म्यात काम होईल. रिकंडिशन म्हणजे खोलून नवं सील आणि नवं तेल. पण आतल्या झडपांचं काय, झिजलेल्या दांड्याचं काय? वरून काळा रंग मारला की सगळे शॉकअप सारखेच दिसतात. मी नको म्हणाले. एकदा चुकलेल्या मुलीचं कोण ऐकणार, असं वाटलं होतं, पण बाबांनी मोबाईलवरचा आलेख काकांना दाखवला आणि म्हणाले, ‘ही म्हणते तसंच करा.’

दुसरा प्रश्न, तेलाचे की गॅसचे? गॅसचा शॉकअप म्हणजे गाडी हवेच्या उशीवर चालते अशी समजूत आहे. तसं काही नाही. आत तेलच असतं. वर थोड्या दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, तो तेलाला फेसाळू देत नाही. फेस झालेलं तेल भोकांतून फुकट निसटतं. खराब रस्त्यावर लांब चालवताना फरक पडतो, गावातल्या गावात फारसा नाही. आम्ही गॅसचे घेतले. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. हे शॉकअप गोडाऊनमध्ये आडवे पडलेले असतात, तेव्हा हवा भलत्या नळीत गेलेली असते. बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचे. पहिल्या दोन वेळा मधेच ‘पोकळ’ लागतात, मग सलग भरीव लागायला लागतात.

पुढचं काम मागच्यासारखं सोपं नाही आणि घरी तर अजिबात करू नका. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. शॉकअप मधे आणि स्प्रिंग त्याच्याभोवती, वरच्या नटाने दाबून धरलेली. हा नट सोडायच्या आधी स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळून घ्यावीच लागते. का ते आकड्यांत बघा. समजा मिलिमीटरला २० न्यूटन ताठपणाची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली आहे. तिच्यात सव्वादोनशे ज्यूल ऊर्जा झाली. म्हणजे दहा किलोचं वजन सव्वादोन मीटरवरून पडण्याइतकी. ती सगळी त्या एका नटाच्या मागे आणि नट तुमच्या तोंडासमोर! तारेने किंवा दोरीने बांधून हे काम करणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या काकांकडे कॉम्प्रेसर होता आणि तो लावल्यावर ते मला दोन पावलं मागे उभं करत होते.

स्ट्रट खोललाच आहे तर वरचं रबरी माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धुळीचं बूट बदलून घ्यायचं. आमचं माउंटिंग हातात घेतलं तेव्हा रबराला भेगा पडून धातूपासून सुटलं होतं. स्टिअरिंग वळवताना येणारा ‘टक्’ आवाज त्याचा होता. बाबा दोन वर्षं तो आवाज डॅशबोर्डमध्ये शोधत होते. जुने मागचे शॉकअप काढल्यावर एकाचा दांडा मी एका हाताने आत ढकलला. तो सहज गेला आणि तिथेच राहिला. काही न बोलता मी तो आईच्या हातात दिला. तिने तीन-चार वेळा आत-बाहेर केला आणि म्हणाली, ‘म्हणजे यात काहीच नाही?’

मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुशही फाटले होते, तेही नवे घातले. गाडी खाली घेतली, चक्कर मारली. झोपाळा गेला! पण गाडी विचित्र कडक. बारीक बारीक खडी थेट पाठीत. आई शेजारी बसून काही बोलली नाही, पण तिने सीटवर हात टेकला तो मला दिसला. काका म्हणाले, नवीन आहे, बसेल आठ दिवसांत. थोडं कडक लागणं खरंच अपेक्षित होतं, कारण दोन वर्षं सगळ्यांना मेलेल्या शॉकअपची सवय झालेली. पण इतकं? रात्री मी पुस्तक काढलं, मग पुस्तक ठेवून डोकं वापरलं.

चूक बुशमध्ये होती. ट्रेलिंग आर्मचा बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. त्यात काही फिरत नाही. मधली धातूची नळी बोल्टने आवळलेली असते, बाहेरची नळी आर्मला धरून असते, आणि मधलं रबर पीळ खातं. आम्ही बोल्ट आवळले तेव्हा गाडी जॅकवर होती आणि अॅक्सल खाली लोंबकळत होता. म्हणजे लोंबकळलेली जागा ही त्या रबराची ‘शून्य’ झाली. गाडी जमिनीवर आली तेव्हा उभी असतानाच रबर पीळ खाऊन बसलेलं! वर स्प्रिंगच्या जोडीला तेही ताठपणा देत होतं. असंच चालवत राहिलो असतो तर काही महिन्यांत रबर फाटलं असतं आणि आम्ही म्हणालो असतो, हल्ली पार्टच खराब येतात.

सकाळी पुन्हा गॅरेज. गाडी चारही चाकांवर खड्ड्यावर उभी केली, ते बोल्ट ढिले केले. मागची बाजू ‘चक्’ करून बोटभर खाली बसली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. मग दोन-चार वेळा डिकी दाबून गाडी आपल्या जागेवर येऊ दिली आणि वजन चाकांवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळले. दहा मिनिटांचं काम, सुटा भाग एकही नाही, आणि जाणवणारा फरक नव्या शॉकअपइतकाच! काकांनी पैसे घेतले नाहीत. उलट म्हणाले, ‘हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.’ मलाही कुणी सांगितलं नव्हतं, पण ते मी बोलले नाही.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, कारण स्ट्रट काढला की चाकाचा कोन हलतोच. आणि टायरमधली हवा पुस्तकाप्रमाणे. बाबा याला शेवटपर्यंत नाखूश होते. कमी हवेने खडी मऊ लागते हे खरं आहे, टायर ही पण एक स्प्रिंगच. पण तिच्यात डॅम्पिंग जवळपास नाही. चाक स्वतः १० ते १५ हर्ट्झने थडथडतं, त्याला आवरायला फक्त शॉकअप असतो. शॉकअप मेलेला आणि हवा कमी, अशा गाडीचं मागचं चाक खडबडीत वळणावर रस्ता सोडून नाचतं. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर मागची बाजू अशी सरकली होती, हे आईने मला आत्ता सांगितलं. तेव्हा ती म्हणाली होती, रस्ता ओला होता.

मोबाईलचं माप पुन्हा घेतलं. दुसरी उसळी पाचव्या हिश्श्याच्याही खाली, तिसरी आलेखात सापडतच नाही. एकूण खर्च माझ्या चार महिन्यांच्या मेस बिलाएवढा आला. स्प्रिंगांचे पैसे वाया गेले नाहीत, पण आधी शॉकअप बघितले असते तर आईचे दिवाळी ते मकर संक्रांत असे अडीच महिने वाचले असते. ते बिल माझ्या नावावर आहे.

कंबर पूर्ण थांबलेली नाही. डॉक्टरांचा व्यायाम ती सकाळी करते, शनिवारी बुडवते. शाळेतून आल्यावर मात्र आता लगेच आडवी होत नाही, आधी चहा टाकते. उशी अजून सीटवर आहे. विचारलं तर म्हणाली, ‘राहू दे गं, त्याने बॉनेटच्या पुढचं नीट दिसतं.’